बंदरात नांगर पडल्यावर

२०२५ च्या ज्युबिली वर्षात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब युरोपच्या जलप्रवासाला निघाले. पतिपत्नी, दोन मुले आणि आजी असे पाच जण. विवाहाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते. बार्सिलोनाहून निघायचे, मार्सेल्स, चिवितावेक्किया, नेपल्स, माल्टा अशी बंदरे घेत परत बार्सिलोनाला यायचे. निघण्याच्या दोन महिने आधी एका संध्याकाळी ही मंडळी जहाजकंपनीचे वेळापत्रक घेऊन आमच्याकडे आली. प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागते व किती वाजता सुटते, एवढेच त्या कागदावर होते.

"फादर, चिवितावेक्किया म्हणजे रोमचं बंदर. सकाळी सातला लागतं, संध्याकाळी सातला सुटतं. बारा तासांत रोम होईल ना?"

रोम 'होईल' का, हा शब्दप्रयोग आम्हांला थोडा टोचला. पण तो आजच्या पर्यटनाचा शब्द आहे, त्यांचा दोष नाही. त्यांनी यादीही आणली होती. संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार, सिस्टाइन चॅपेल, कोलोसियम, त्रेव्हीचे कारंजे आणि शेवटी खरेदी. कंपनीने नेलेली सहल पाच माणसांना परवडत नव्हती, म्हणून आपणच गाडी ठरवावी की आगगाडीने जावे, असा त्यांचा विचार चालला होता. आजी यादीकडे न पाहता गुडघा चोळत बसल्या होत्या. आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली, आणि त्या दोन दिवसांत जुनी पाने चाळता चाळता असे ध्यानात आले की हा प्रश्न जहाजांइतकाच जुना आहे.

त्याचा सर्वांत विश्वासार्ह इतिहास आपल्या घरातच आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचे शेवटचे अध्याय आपण मिस्सेत तुकड्यातुकड्यांनी ऐकतो, त्यामुळे ते एक उत्तम प्रवासवर्णन आहे याकडे लक्ष जात नाही. त्या भागात लेखक 'आम्ही' असे म्हणत लिहितो, कारण तो स्वतः त्या गलबतावर आहे. विसाव्या अध्यायात संत पौल व त्याचे सोबती त्रोवस सोडतात. सोबती गलबतात बसून अस्सास येथे जातात; पौल मात्र जमिनीवरून निघतो आणि अस्सास येथे गलबत गाठतो. हे अंतर सुमारे तीस किलोमीटरचे. आदली सारी रात्र त्याने भाकर मोडण्यात व बोलण्यात घालवली होती. खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या झापडीने खाली पडला तो याच रात्री. इतक्या जागरणानंतर पौल एकटाच तीस किलोमीटर का चालला, हे लूक सांगत नाही. गलबत मात्र पुढल्या बंदरात त्याची वाट पाहील, हे आधी ठरलेले होते, एवढे तो स्पष्ट लिहितो. खासगी सहलीचा यापेक्षा नेमका बेत आम्हांला माहीत नाही.

त्याच अध्यायात पुढे मिलेतचा प्रसंग येतो. पौलाला पेंटेकॉस्टच्या आत यरुशलेम गाठायचे होते. इफिस हे त्याचे जिव्हाळ्याचे शहर. तीन वर्षांचे श्रम तेथे गेले होते. तेथे पाय ठेवला असता तर माणसांनी त्याला सोडले नसते. म्हणून त्याने इफिसला वळसा घातला, मिलेत बंदरात उतरून इफिसला निरोप धाडला आणि तेथील वडीलजनांना बंदरावर बोलावून घेतले. निरोप घेताना ती मंडळी त्याच्या गळ्यात पडून रडली. सोर येथे गलबताला माल उतरवायला सात दिवस लागणार होते, तर ते सात दिवस त्याने तेथील शिष्यांना शोधून त्यांच्यात घालवले. पतलमैस येथे एकच दिवस मिळाला, तोही बंधुजनांकडे.

नंतरचा प्रवास कैद्याचा. सुमारे ६० साली रोमन शताधिपती युल्य याच्या ताब्यात पौल रोमकडे निघाला. दुसऱ्याच दिवशी सिदोन लागले, आणि युल्याने त्याला मित्रांकडे जाऊन पाहुणचार घेण्याची मोकळीक दिली. बरोबर शिपाई असणारच, पण मोकळीक ती मोकळीक. पुढे वादळ, जहाजफूट, माल्टा बेटावर तीन महिने, सुराकूस येथे तीन दिवस आणि शेवटी नेपल्सजवळचे पुत्युली. तेथे बंधुजनांनी आग्रह केला म्हणून सात दिवस मुक्काम झाला. या साऱ्या बंदरांत देवळे, रंगभूमी, स्नानगृहे होतीच. लूकने त्यांच्याबद्दल एक ओळही खर्ची घातलेली नाही. बंदर आले की पौलाच्या मनात पहिला प्रश्न येई तो असा: येथे आपले कोण आहे?

आता पंधराशे वर्षे ओलांडून आपल्या किनाऱ्याकडे येऊ. संत फ्रान्सिस झेव्हियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिन्यांच्या या प्रवासातील सहा महिने मोझांबिक बेटावर गेले, कारण वारा अनुकूल होण्याची वाट पाहावी लागली. तेथील रुग्णालयात त्यांनी आजारी खलाशांची शुश्रूषा केली आणि स्वतःही आजारी पडले. पुढे मालिंदी येथे जहाज थांबले तेव्हा तेथील मुसलमान रहिवाशांशी त्यांचे बोलणे झाले. सोकोत्रा बेटावर, प्राचीन ख्रिस्ती परंपरेची पुसट आठवण सांभाळणारी माणसे त्यांना भेटली. त्यांच्यातच राहावे असे झेव्हियरना फार वाटले. पण जहाजावरील गव्हर्नरने परवानगी दिली नाही. किनाऱ्यावरून निघताना मागे वळून पाहावेसे वाटणे हे संतांनाही चुकलेले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या वाट्याला तेही सुख आले नाही. 'ख्रिस्तपुराणा'चे हे कवी ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी वडिलांना पत्राने कळवला. ते पत्र उपलब्ध आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालण्यास उशीर झाला, म्हणून त्यांच्या जहाजाने मोझांबिकची आतली वाट सोडून मादागास्करच्या बाहेरची वाट धरली. आतल्या वाटेवर ताजे पाणी, फळे व विसावा देणारी बंदरे होती. बाहेरच्या वाटेवर नुसता समुद्र. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली. आणि इतर वर्षांच्या मानाने हे थोडेच, असे लोक मानत होते. आज बंदरावर उतरणे ही हौस आहे; त्या काळी ते औषध होते. मराठीला आपली भाषा मानून जिने ओवीबद्ध पुराण रचले, ती लेखणी लिस्बनपासून या किनाऱ्यापर्यंत पोहोचताना वाटेत कोठेही विसावलेली नव्हती, हे ख्रिस्तपुराण हाती घेताना आम्हांला नेहमी आठवते.

वाफेची जहाजे आली आणि चित्र पालटले. १८६७ साली न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' नावाचे जहाज केवळ सहलीसाठी भूमध्य समुद्रात व पवित्र भूमीला निघाले. त्यावर मार्क ट्वेन हे लेखक होते. अथेन्सच्या बंदरात साथीच्या भीतीने उतरण्यास मनाई होती. तेव्हा ट्वेन व तीन साथीदार रात्री चोरून किनाऱ्यावर गेले, चांदण्यात ॲक्रोपोलिस पाहिले, वाटेत द्राक्षमळ्यात हात मारला आणि उजाडायच्या आत जहाजावर परतले. त्यांचे अनुकरण करा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. वेळ मात्र त्यांनी नेमकी साधली.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा वाहता झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. सॅव्हॉय प्रांतातील ॲनसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस सालेस यांच्या मिशनरी संघाची पहिली तुकडी १८४५ मध्ये भारताकडे निघाली तेव्हा हा कालवा नव्हता. याच संघाचे धर्मगुरू पुढे मराठवाड्यात आले, आणि आपल्या कॅथेड्रलला त्या संताचे नाव लाभले.

कालव्यातून जहाज हळू चाले. दिवसाचा मोठा भाग त्यात जाई. म्हणून विसाव्या शतकात एक सोय रूढ झाली. सुएझला जहाज सोडायचे, मोटारीने कैरो गाठायचे, पिरॅमिड पाहायचे, आणि रात्री पोर्ट सैद येथे तेच जहाज पकडायचे. ज्यांना खर्च झेपत नसे ते पोर्ट सैदच्या धक्क्यावर फिरत, नाहीतर डेकवर चढलेल्या 'गली-गली' जादूगारांची कोंबडीची पिले मोजत बसत. मुंबईहून जेनोआ, नेपल्स, ट्रिएस्टकडे जाणाऱ्या लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीच्या जहाजांनी रोमला शिकायला जाणारे कितीतरी सेमिनेरियन या वाटेने गेले. १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत. तोवर विमानांनी जहाजांचे प्रवासी पळवले होते. मार्सेल्सच्या धक्क्याची तर मराठी माणसाला वेगळीच ओळख आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या झरोक्यातून उडी टाकून जो किनारा गाठला, तो हाच. ती सहल नव्हती, पण किनाऱ्यावरच्या मोजक्या क्षणांचे मोल त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

एक उदाहरण मात्र थोडे थांबून सांगण्यासारखे आहे. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषद आटोपून महात्मा गांधी परतत होते. ब्रिंदिसी बंदरातून १४ डिसेंबरला 'पिल्स्ना' हे जहाज सुटायचे होते. त्यापूर्वीचे दोन दिवस त्यांनी रोमसाठी ठेवले. मुसोलिनीच्या सरकारचे पाहुणे न होता ते रोमाँ रोलाँ यांच्या परिचयातील एका निवृत्त सेनापतीच्या घरी उतरले. पोप महोदयांची भेट झाली नाही. मात्र व्हॅटिकनचे संग्रह व सिस्टाइन चॅपेल त्यांनी पाहिले, आणि क्रूसावरील ख्रिस्ताच्या मूर्तीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. त्या दर्शनाबद्दल त्यांनी पुढे लिहिलेही. दोन दिवसांत मुसोलिनीची भेट, शाळा, संग्रहालये असे पुष्कळ काही घडले; परंतु स्मरणात राहिली ती एक मूर्ती. रोमला दोन दिवस म्हणजे आमच्या मंडळींच्या बारा तासांच्या चौपट.

आणि हो, आपण नेहमी स्वतःला जाणाऱ्यांच्या बाजूने पाहतो. आपले शहरही कोणाच्या तरी वेळापत्रकातील एक ओळ होते. १६६६ साली सुरतेला उतरलेला फ्रेंच प्रवासी झाँ द तेवनो औरंगाबादेस आला, वेरूळची लेणी पाहून गेला आणि त्याने त्यांचे वर्णन लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून निजामाची मीटरगेज गाडी औरंगाबादेस येऊ लागली. मग मुंबईच्या बंदरात उतरलेले गोरे प्रवासी मनमाडला गाडी बदलून येथे येत, रेल्वेच्या हॉटेलात उतरत, एक दिवस वेरूळला आणि एक दिवस अजिंठ्याला देत आणि परत बोट गाठत. १९२० ते २२ या काळात अजिंठ्याची भित्तिचित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवले होते. ते सहलीला नव्हे, कामाला आले. छत्रपती संभाजीनगरात आजही परदेशी पाहुण्यांच्या बसगाड्या बिबी-का-मकबऱ्यापाशी थांबतात आणि तासाभरात निघतात. त्यांच्याकडे पाहून आपल्याला काय वाटते, ते रोमच्या माणसाला आपल्याकडे पाहून वाटत असेल.

दोन दिवसांनी मंडळी पुन्हा आली. आम्ही वही उघडली.

व्यवहार प्रथम. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, किंवा प्रवाशांना पुढील बंदरी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपण स्वतंत्र गेलो आणि उशीर झाला, तर जहाज सुटते आणि पुढले बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते. महाग सहलीच्या किमतीत ही हमी धरलेली असते. स्वतंत्र जाणाऱ्याने ती हमी वेळेच्या रूपाने भरायची. आमच्या परिचयातील एक गृहस्थ नेपल्सहून गाडी करून पोंपेईला गेले. अंतर अवघे पंचवीस किलोमीटर. परतताना रस्ता तुंबला आणि शिडी ओढायला दहा मिनिटे उरली असता ते धक्क्यावर धावत आले. त्यांना आज पोंपेईपेक्षा ती धावच जास्त आठवते.

म्हणून हिशेब उलटा मांडावा. जहाज सातला सुटते, म्हणजे साडेसहापूर्वी वर चढलेच पाहिजे. आपण पाचची वेळ धरायची. घड्याळ जहाजाचे मानायचे, कारण ते किनाऱ्याच्या वेळेशी जुळेलच असे नसते. चिवितावेक्कियाहून रोम सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटर. आगगाडीला तासाभराहून थोडे अधिक. सान पिएत्रो स्थानकावर उतरले की महामंदिर पायी पंधरा मिनिटांवर. त्यासाठी रोमच्या मुख्य स्थानकापर्यंत जाण्याचे कारण नाही. सकाळी बंदराची बस, स्टेशन, तिकीट यांत दोन तास जातात. म्हणजे रोममध्ये हाती उरतात पाच तास. त्यात पवित्र द्वाराची रांग. रविवार असेल तर महिन्याचा शेवटचा सोडून व्हॅटिकन संग्रहालय बंद; इतर दिवशी तिकीट आधी काढलेले हवे. खांदे व गुडघे झाकलेले हवेत.

"मग कोलोसियम?" मुलाने विचारले. तो अभियांत्रिकीला आहे. त्याचा खरा जीव त्या कमानींत होता.

आम्ही यादीवर एक रेघ मारली. मग त्रेव्हीवर दुसरी. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. त्याच्या वडिलांनी समजूत घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला, "एवढे पैसे भरून आपण रोमला जाऊन रोम बघणारच नाही." त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आम्ही त्याला वाद घातला नाही. फक्त वेळांचा कागद पुढे सरकवला आणि म्हणालो, तूच बसव. त्याने दहा मिनिटे खटपट केली आणि पेन खाली ठेवले.

एवढा वेळ गप्प असलेल्या आजी तेव्हा बोलल्या. "फादर, मला ही धावपळ झेपायची नाही. मी जहाजावरच थांबते."

सून चपापली. या प्रवासाला आजी तयार झाल्या होत्या त्या पवित्र द्वारासाठी. आम्ही त्यांना सांगितले की आजारी व वृद्ध माणसांना द्वारापर्यंत पोहोचता आले नाही, तरी ज्युबिलीची कृपा त्यांच्यासाठी बंद होत नाही. ख्रिस्तसभेने त्यांची सोय केलेली आहे. आजींनी मान हलवली, पण चेहरा उतरलाच. तेव्हा आम्हांला आठवले की त्यांचे माहेर वसईचे.

आणि येथे आम्ही वाचकांना ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. चिवितावेक्किया या बंदरगावात रोज हजारो प्रवासी उतरतात आणि जवळजवळ सगळेच रोमकडे पळतात. त्या गावात 'जपानी रक्तसाक्ष्यांचे चर्च' आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आले, त्यांच्या स्मरणार्थ ते बांधलेले आहे. त्या सव्विसांत वसईत जन्मलेले व्रतस्थ बंधू गोन्सालो गार्सिया होते. लहानपणी येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले. जपानी भाषा शिकले. पुढे व्यापारी झाले आणि बंदरोबंदरी फिरले. मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात गेले. आणि १५९३ साली दुभाषे म्हणून पुन्हा जपानच्या किनाऱ्यावर उतरले, ते परत न येण्यासाठी. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोममध्ये त्यांना संत घोषित केले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. चिवितावेक्कियाचे चर्च दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभे राहिल्यावर १९५० नंतरच्या काही वर्षांत लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने आतल्या भिंती रंगवल्या. तेथील माता मारिया जपानी पोशाखात आहे. १६१५ साली हासेकुरा त्सुनेनागा हा जपानी सरदार पोपच्या भेटीसाठी जाताना याच बंदरात उतरला होता; त्याचाही पुतळा गावात आहे.

बेत नव्याने आखला गेला. वडील व मुले रोमला जातील. आजी व सून बंदरावरून टॅक्सीने चर्चमध्ये. इटलीतील चर्चे दुपारी बंद असतात, म्हणून त्यांनी सकाळीच जायचे. सुनेने रोमवर पाणी सोडले, ते कोणी तिला सांगितले म्हणून नव्हे.

परतल्यावर पुढल्या रविवारी मिस्सा झाल्यावर सारे भेटायला आले. रांगेत अडीच तास गेले, पण द्वारातून प्रवेश झाला. चौकात उभ्यानेच पिझ्झा खाल्ला. गाडी पंचवीस मिनिटे उशिरा आली तेव्हा मुलानेच सगळ्यांना सांगितले की आपण पाचची वेळ धरली आहे, घाबरू नका. कोलोसियम राहिले ते राहिलेच. त्याने ते आम्हांला पुन्हा ऐकवले.

आजींनी सुनेचा मोबाइल आमच्यापुढे धरला. चर्चमध्ये त्या दोघींखेरीज कोणी नव्हते. बाकावर बसून त्यांनी रोजरी म्हटली होती, आणि मग सुनेला रक्तसाक्ष्यांच्या चित्रांचे फोटो काढायला लावले होते. हात हलल्यामुळे काही अंधुक आले होते. त्यांनी एक फोटो बोटांनी मोठा केला.

"यांतला आपला कोणता, फादर? तिथं विचारायलाही कुणी नव्हतं."

आम्ही चष्मा लावून पाहिले. सारे चेहरे जपानी हाताने काढलेले, एकासारखे एक. आजींनी मोबाइल परत घेतला आणि पुढला फोटो काढला.